मेंदू आणि मेंदूचे आजार शिकायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, मग न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी आणि पीएचडी. गावी गेले की ओळखीपाळखीतली मुलं, त्यांचे आईवडील, कधी एखादे जुने सर भेटतात आणि फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं, म्हणून हे.

न्यूरोसायन्स म्हणजे न्यूरॉलॉजीच ना? मुलगी डॉक्टर होईल का?

नाही. या एका गोंधळापायी अनेकांची दोन-दोन वर्षं वाया जातात, म्हणून आधी हेच सांगते. न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजारांचे डॉक्टर व्हायचं तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, एमबीबीएस, त्यावर एमडी मेडिसिन आणि त्यावर तीन वर्षांचं डीएम, हा नेहमीचा रस्ता. मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर एमएस आणि एमसीएच. न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचा अभ्यास, हा विज्ञान शाखेचा विषय आहे. त्यात एमएस्सी आणि पुढे पीएचडी होते. नावामागे डॉक्टर लागतं, पण पेशंटला गोळी लिहून देता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं आणि ती होस्टेलच्या जिन्यात बसून रडली होती. तिला आधी कुणी स्पष्ट सांगितलंच नव्हतं.

उलट दिशेने मात्र वाट मोकळी आहे. एमबीबीएस किंवा एमडी झालेली माणसं संशोधनात येतात आणि ती आली की प्रयोगशाळेतलं बोलणंच बदलतं, कारण त्यांनी पेशंट पाहिलेले असतात.

भारतात हे कुठे शिकता येतं?

हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, एनबीआरसी. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही संस्था फक्त मेंदूवर काम करते. तिथे न्यूरोसायन्सची एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही होतात. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठातही या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. बेंगळुरूला तीन मोठी ठिकाणं आहेत: भारतीय विज्ञान संस्थेतलं न्यूरोसायन्स केंद्र, एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था). निम्हान्समध्ये हॉस्पिटल आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. ज्यांना आजारांवर काम करायचंय त्यांच्यासाठी हा फार मोठा फायदा आहे. वॉर्डातला प्रश्न चालत चालत प्रयोगशाळेत येऊ शकतो. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या कामासाठी नावाजलेली आहे.

मन, भाषा, लक्ष, निर्णय या बाजूने यायचं असेल तर कॉग्निटिव्ह सायन्स बघा: अलाहाबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर.

आपल्या राज्यात मुंबईला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). टीआयएफआरमध्ये प्रा. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा ताण, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि मनःस्थितीचे आजार यांवर काम करते; त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला आहे. कुलाब्यात बसून जगाच्या तोडीचं काम होतं, हे आपल्याकडच्या मुलांना माहीतच नसतं याचं मला वाईट वाटतं.

प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या आहेत. टीआयएफआर आणि एनसीबीएससाठी जेजीबिल्स, विज्ञान संस्थेच्या इंटिग्रेटेड पीएचडीसाठी जॅम, पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या संस्थेची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या पत्रकावर विसंबू नका.

बारावीला बायोलॉजी नव्हतं. चालेल?

बहुतेक ठिकाणी चालतं. माझ्या बॅचला प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, फार्मसी, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंग अशा सगळ्या वाटांनी मुलं आली होती. पहिले तीन महिने प्रत्येक जण कशात तरी कच्चा असतो. मला ओहमचा नियम परत शिकावा लागला. इंजिनीअर मुलाला पेशीतले भाग. होस्टेलच्या मेसमध्ये आम्ही एकमेकांच्या शिकवण्या घेतल्या आणि त्या खरोखर कामी आल्या.

एमएस्सीच्या अभ्यासक्रमात नेमकं शिकवतात काय?

सुरुवात आजारांपासून होत नाही. ती होते एका चेतापेशीपासून. शांत असलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब असतो. सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि एक विद्युत लहर तंतूवरून धावत जाते. हॉजकिन आणि हक्सली यांनी समुद्रातल्या माकुलाचा (स्क्विडचा) जाडजूड चेतातंतू घेऊन हे मोजलं आणि १९५२ मध्ये समीकरणांत बसवलं. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या बाजारात मिळतं त्याच जातकुळीतलं माकूल. त्या समीकरणांवर आमचे सहा आठवडे गेले. तेव्हा मी वैतागले होते. अल्झायमर शिकायला आलेय आणि हे काय चाललंय, असं वाटायचं. पुढे अपस्मार शिकताना कळलं की फिट्सच्या कितीतरी औषधांचं काम त्याच सोडियमच्या दारापाशी चालतं.

मग दोन पेशींमधली रासायनिक देवाणघेवाण, मेंदूची रचना, गर्भात मेंदू कसा घडतो, स्मृती, झोप, वेदना, हालचाल. दुसऱ्या वर्षी आजार येतात: अल्झायमर, कंपवात, पक्षाघात, अपस्मार, स्किझोफ्रेनिया, नैराश्य, ऑटिझम. शिवाय शेवटी सहा महिने ते वर्षभराचा प्रबंध, स्वतःच्या प्रयोगांवर लिहिलेला.

आजार शिकवतात म्हणजे कसं? लक्षणं आणि औषधं पाठ करायची?

लक्षणं आणि औषधं मेडिकलला शिकवतात. आमच्याकडे प्रश्न असा असतो: हे कळलं कसं? आणि जे कळलं त्यावर विश्वास का ठेवायचा? एकच आजार घेऊन सांगते, कंपवात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण मेंदूत कोणतं रसायन कमी पडतं हे कळायला पुढची जवळजवळ दीडशे वर्षं गेली, आणि त्या गोष्टीतला एक धागा मुंबईतून जातो.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला. मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. तिचे मोजून मापून घेतलेले निष्कर्ष जगापुढे त्यांनी ठेवले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणाऱ्या काही पेशंटांमध्ये कंपवातासारखी लक्षणं दिसू लागली. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, तर ससे कान पाडून जागच्या जागी गप्प बसले. मग त्यांनी लेव्होडोपा टोचलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. हे १९५७ चं काम. रिसर्पिनने मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, संपतं आणि लेव्होडोपापासून मेंदू नवं डोपामिन बनवतो, हे त्यातून उलगडलं. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या मृत पेशंटांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच घटलेलं सापडलं. मग माणसांना लेव्होडोपा देऊन पाहिलं गेलं आणि खुर्चीला खिळलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हेच लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच त्या बियांतून वेगळं केलं होतं. त्यावेळी ते कशाला उपयोगी पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. (हे वाचून कुणी घरच्या पेशंटला खाजकुइलीची पूड सुरू करू नका. गोळीतल्या लेव्होडोपाचं माप मिलिग्रॅममध्ये ठरलेलं असतं, चमच्यातल्या पुडीचं नसतं. दोन्ही एकत्र पोटात गेलं तर त्रास पेशंटला होतो.)

आता वर्गातला खरा प्रश्न इथे सुरू होतो. डोपामिन भरून दिलं, माणूस चालायला लागला, म्हणजे आजार बरा झाला का? नाही. पेशी मरतच राहतात. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं. पेशी मरण्याचं थांबवणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही. पेशी का मरतात? १९९७ मध्ये काही कुटुंबांत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला आणि त्याच वर्षी मृत पेशंटांच्या चेतापेशींत साचलेल्या गोलसर गुठळ्यांमध्येही तेच प्रथिन साठलेलं दिसलं. पण ते साठल्यामुळे पेशी मरते, की मरणारी पेशी ते साठवते? यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला होता आणि शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. परीक्षेत मात्र हाच प्रश्न आला: कोणता प्रयोग केला तर या दोन शक्यता वेगळ्या करता येतील? लक्षण कमी होणं, आजार थांबणं आणि कारण कळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षं आम्ही प्रत्येक आजारात हेच वेगळं करायला शिकत होतो.

माणसाचा मेंदू हाताळावा लागतो का? भीती वाटते.

बऱ्याच ठिकाणी एकदा तरी हातात येतो. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, पण ओंजळीत घेतल्यावर वाटतो त्याहून जड. ताजा मेंदू खरवसासारखा लिबलिबीत असतो. फॉर्मालिनमध्ये राहिलेला घट्ट, पनीरसारखा. माझे हात पहिल्यांदा थरथरले होते, पण ते भीतीने नाही. समोरचा गोळा म्हणजे कुणाचं तरी लहानपण, कुणाची तरी भाषा होती.

त्या दिवशी आम्हाला मध्यमेंदूचे दोन आडवे काप शेजारी शेजारी ठेवून दाखवले. एकात दोन्ही बाजूंना काजळाची बारीक रेघ ओढावी तसा काळा पट्टा, दुसऱ्यात ती जागा फिकट, जवळजवळ पुसलेली. दुसरा कंपवाताच्या पेशंटचा होता. तो काळा पट्टा म्हणजेच डोपामिन बनवणाऱ्या पेशी. माझ्या आजीला हा आजार होता. तिच्या हातातला चहा बशीत सांडायचा आणि ती पदराने पुसत राहायची. ती पुसलेली रेघ बघताना मला तिची बशी दिसली.

निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर कुटुंबीयांनी दान केलेले मेंदू तिथे संशोधनासाठी जपतात. त्यांच्या मेंदू संग्रहालयात सर्वसामान्य माणसालाही जाता येतं. या विषयात येण्याचा विचार असेल तर एकदा जाऊन या, भीती राहणार नाही.

प्राण्यांवर प्रयोग करावेच लागतात का?

सगळ्यांना नाही. एमआरआय, ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणं), वर्तनाच्या चाचण्या, संगणकी मॉडेल, पेशंटांच्या त्वचेपासून बनवलेल्या पेशी, अशी कितीतरी कामं प्राण्यांशिवाय होतात. पण पेशी आणि जाळ्यांच्या पातळीवर आजार समजून घ्यायचा तर उंदीर, माशी किंवा झेब्राफिश लागतात. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी लेखी परवानगी लागते. किती प्राणी, का, आणि कमी प्राण्यांत का भागणार नाही, हे लिहून द्यावं लागतं.

मी उंदरांच्या मेंदूच्या कापांवर काम केलं. ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप बर्फगार द्रावणात करायचे, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे अखंड चालू ठेवायचे. ते थांबले की काप मेलाच. मग काचेची सुईसारखी नळी एका पेशीवर टेकवून तोंडाने हलकेच ओढ द्यायची, पेशीचा पापुद्रा काचेला चिकटेपर्यंत. पहिले तीन आठवडे माझी एकही पेशी चिकटली नाही. ज्या दिवशी चिकटली त्या दिवशी पडद्यावर पेशीची ठिणगी उमटली आणि स्पीकरवर टक्‌ टक्‌ आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ज्यांच्या मनाला हे झेपत नाही त्यांनी तसं मोकळेपणाने सांगावं. लाजायचं कारण नाही. आणि ज्यांना झेपतं त्यांनी ते कधी सवयीचं होऊ देऊ नये.

गणित आणि कोडिंग किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. पायथन किंवा मॅटलॅब आणि संख्याशास्त्र हे आता वेगळे विषय उरलेले नाहीत. एक उदाहरण देते. मी तीन उंदरांच्या ६० पेशी नोंदवल्या आणि नमुना ६० धरून निष्कर्ष काढला. मार्गदर्शकांनी कागद परत केला. एका उंदराच्या वीस पेशी एकमेकींच्या सख्ख्या असतात. त्यांना वीस वेगळे साक्षीदार मानता येत नाही. माझा नमुना ६० नव्हता, तीन होता. चार महिन्यांचं काम पुन्हा केलं. छापून येणाऱ्या कामातही ही चूक सापडते, आणि उंदरात बरा झालेला आजार माणसात का बरा होत नाही याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

मराठी माध्यमातून शिकलोय. जमेल?

जमेल. पहिलं वर्ष जड जाईल, कारण पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध, सेमिनार सगळं इंग्रजीत. मी रोज एका शोधनिबंधाचं एक चित्र घ्यायचे आणि ते वहीत मराठीत समजावून लिहायचे. मराठीत लिहिता आलं नाही, तर समजलेलंच नाही असं धरायचे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलेला आहे हे दाखवणारे सांतियागो रामोन इ काहाल स्पॅनिशमध्ये लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी आपलं नियतकालिक पदरचे पैसे घालून काढलं. ते युरोपात फारसं कुणी वाचेना, म्हणून १८८९ मध्ये ते स्वतः काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले आणि एकेकाला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

खर्च आणि स्टायपेंड?

सरकारी संस्थांत एमएस्सीची फी खासगी कॉलेजांच्या मानाने बरीच कमी असते. पीएचडीला नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी फेलोशिप असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पैसे कधी कधी उशिरा येतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची शिल्लक हाताशी असू द्या. खासगी विद्यापीठात काही लाख भरून ‘न्यूरोसायन्स’ नावाची पदवी घेण्याआधी तिथे कार्यरत प्रयोगशाळा किती आहेत ते जाऊन बघा.

पुढे नोकरी?

नुसत्या एमएस्सीवर: संशोधन प्रकल्पात सहायक, औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय लेखन, डेटाचं काम, ईईजी किंवा एमआरआयची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या. पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षांचं संशोधन, मग प्राध्यापकी किंवा औषध उद्योग. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि तिथे पोचेपर्यंत वयाची पस्तिशी येते. घरी हे आधीच सांगा. विशेषतः मुलींनी, कारण लग्नाचा विषय बरोबर पीएचडीच्या मधल्या वर्षात निघतो आणि तेव्हा समजावत बसणं फार कठीण जातं.

अल्झायमरवर औषध आलंय म्हणतात. मग संशोधनाला उरलं काय?

लेकॅनेमॅबबद्दल विचारताय. अमेरिकेत त्याला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १७९५ जणांवरच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आकडा मोठा वाटतो, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहून कमी, ०.४५ इतका आहे. गेलेली आठवण परत येत नाही आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो. तरीही या आजारात मेंदूत साठणारं एक प्रथिन काढलं तर वेग थोडा कमी होतो, हे दिसलं. ही सुरुवात आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यातल्या कितीतरी घरांत ‘वय झालं, विसरायचंच’ असं म्हणून निदानच होत नाही. काम भरपूर उरलंय.

घरात आजारी माणूस आहे म्हणून या विषयात यावंसं वाटतं. हे कारण बरोबर आहे का?

मीही त्याच कारणाने आले. कारण चांगलं आहे, पण तेवढंच पुरत नाही. माझी आजी मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असताना गेली. माझ्या कामाचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. तिला उपयोग झाला तो गोळी रोज त्याच वेळेला आणि जेवणाआधी देण्याचा, कारण जेवणातल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपा नीट शोषलं जात नाही. हे मी पहिल्या वर्षी शिकले आणि त्याच रात्री आईला फोन केला. आजी त्यानंतर संध्याकाळी परसात तुळशीपर्यंत एकटी जाऊ शकायची.

घरच्या माणसाची सेवा आणि विषयाचा अभ्यास यांची गाठ पक्की बांधू नका. पेशंटच्या घरच्यांना आधार हवा असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट आहेत. तिथली माणसं मराठीत बोलतात आणि त्यांना अनुभवाने जे कळलंय ते आम्हाला प्रयोगशाळेत कळत नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ता काय करू?

तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. तिचे अर्ज आधीच्या पावसाळ्याअखेर किंवा हिवाळ्यात निघतात, तारखेवर लक्ष ठेवा. ती नाही मिळाली तर प्राध्यापकांना थेट मेल करा. ‘आदरणीय सर, मला न्यूरोसायन्समध्ये फार रस आहे’ असली एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका. एका प्रयोगशाळेचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं कोणतं चित्र कळलं नाही ते दोन ओळीत विचारा, आणि उन्हाळ्यात येऊ का म्हणून विचारा. मी अशा सतरा मेल पाठवल्या होत्या. दोघांचं उत्तर आलं, आणि त्यातल्या एकाने रिझर्व्हेशन करून ये म्हणून सांगितलं.